मुलाची पहिली हरीणशिकार: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये नव्याने आलेल्या पालकांसाठी

माझ्या लेकीने पहिलं हरीण मारलं तेव्हा ती १२ वर्षांची होती आणि तो आमचा तिसरा हंगाम होता. आधीचे दोन हंगाम आम्ही रिकाम्या हातांनी परतलो होतो. पहिल्या वर्षी हरीण दिसलंच नाही. दुसऱ्या वर्षी दिसलं, पण तिने चाप ओढला नाही. त्या दुसऱ्या वर्षाबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण या लेखात मला जे सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळी मला कळलं.

आपल्याकडे भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ही विद्या बापाकडून लेकराकडे आलेली नसते. इथे शाळेतली निम्मी मुलं नोव्हेंबरमध्ये आजोबांसोबत रानात जातात, आणि आपलं मूल एक दिवस घरी येऊन विचारतं, ‘आपण का नाही जात?’ मला हा प्रश्न आला तेव्हा बंदूक कशी धरतात हेही ठाऊक नव्हतं. शेजारच्या एका निवृत्त शेतकऱ्याने शिकवलं, बाकी चुकत शिकलो. तुमची निदान दोन वर्षं वाचावीत म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. नियम विस्कॉन्सिनचे आहेत. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथले वेगळे असतील. आणि त्या वर्षाची नियमपुस्तिका नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, संकेतस्थळावर स्वतः वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

१. आधी मुलाशी बोला

‘जायचंय का?’ एवढं विचारून भागत नाही. मारलेलं हरीण गरम असतं, त्याचे डोळे उघडे असतात, पोट फाडावं लागतं, वास येतो. हे सगळं आधी सांगा. मी लेकीला शेजाऱ्याकडे नेलं आणि त्याने मारलेलं हरीण सोलताना दाखवलं. ती तासभर उभी राहून बघत होती. घरी येताना म्हणाली, ‘आपण खाणार असू तर चालेल.’ मग आमच्या घरात तोच नियम झाला.

मूल नको म्हणालं तर विषय तिथेच थांबवा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येईल.

२. व्हिसावर असाल तर हे सगळ्यात आधी वाचा

आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून ठळकपणे सांगतो. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. या मनाईला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे क्रम उलटा होऊन चालणार नाही: आधी परवाना, मग बंदुकीला हात. ‘सहज बघायला’ रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाऊन मित्राची रायफल हातात घेणं हीसुद्धा चूक ठरू शकते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. मूल एच-४ वर असेल तर त्याच्याही बाबतीत हाच विचार करा. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. तुमच्या कागदपत्रांबद्दल थोडीही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. एका रायफलीपायी इथलं सगळं पणाला लावू नका.

३. प्रशिक्षण आणि परवाना

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं. आपण जवळजवळ सगळेच त्यात येतो. वर्ग बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक शिकवतात. उन्हाळ्यातच नाव नोंदवा, सप्टेंबरपर्यंत जागा भरलेल्या असतात. मी आणि लेक एकाच बाकावर बसून शिकलो, आणि मला तो निर्णय आजही फार योग्य वाटतो. बंदुकीच्या नियमांबाबत ती मला टोकू शकत होती, आणि टोकायची.

वर्गात चार नियम पाठ करून घेतात, ते घरी रोज म्हणा. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजूनच हाताळायची. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवायचं. आपण कशावर नेम धरतो आहोत आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं माहीत हवं. आणि बार टाकायची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर.

प्रमाणपत्र नसलेल्या मुलाला ‘मेंटॉर्ड हंटिंग’खाली नेता येतं. त्यासाठी मार्गदर्शक १८ वर्षांपुढचा आणि परवानाधारक असावा लागतो, आणि त्याने मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं असतं. ‘मी गाडीतून पाहतोय’ हे चालत नाही.

शिवाय ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवार असे दोन दिवस फक्त १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बंदुकीचा हंगाम असतो. नवख्यांसाठी याहून चांगली संधी नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या मोठ्या हंगामात रान माणसांनी भरलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये शांतता असते, थंडी कमी असते आणि हरणं बुजलेली नसतात. या दोन दिवसांत मुलासोबतच्या मोठ्या माणसाने स्वतः बंदुकीने हरीण मारायचं नसतं. सगळं लक्ष मुलावर राहतं.

जवळ ठेवायचे कागद:

- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र (किंवा मेंटॉर्ड परवाना)
- मुलाचा आणि तुमचा त्या वर्षाचा परवाना. ‘गो वाइल्ड’ प्रणालीवर ऑनलाइन निघतो
- हार्वेस्ट ऑथरायझेशन, म्हणजे मारायची परवानगी. ती नराची की मादीची, कोणत्या जिल्ह्याची, खासगी जमिनीची की सार्वजनिक, हे शब्द नीट वाचा
- ओळखपत्र आणि राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा
- खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी, शक्यतो लिहून घेतलेली

यातली सर्वात जास्त चूक तिसऱ्या कागदात होते. सार्वजनिक जमिनीची परवानगी घेऊन लोक मित्राच्या शेतावर मादी मारतात आणि मग लक्षात येतं.

४. रायफल मुलाच्या मापाची

बाबांची रायफल मुलाच्या हातात द्यायची नाही. दस्ता लांब असला की मूल मान ताणतं, खांदा मागे जातो, आणि बार झाल्यावर रायफलीवरच्या दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. एकदा असं लागलं की मूल पुढच्या प्रत्येक बाराला डोळे मिटून घेतं. माप सोपं आहे: दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या घडीत ठेवलं की मुलाच्या तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज यायला हवं.

काडतूस हलक्या धक्क्याचं निवडा. आम्ही २४३ विंचेस्टर घेतलं. सात एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूरही चालतं. गोळी तांब्याची घ्या असा माझा आग्रह आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, आणि शिसं मुलांच्या मेंदूला सर्वात जास्त बाधतं.

घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या तुमच्याकडे. गाडीतून नेताना ती रिकामीच असावी लागते.

५. सराव

पहिले दोन महिने आम्ही एकही गोळी उडवली नाही. रिकामी रायफल तीन-तीनदा तपासायची, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि चाप हळूहळू मागे ओढायचा. ‘कट्’ आवाज आला तेव्हा दुर्बिणीतला काटा ठिपक्यावर होता का, एवढंच ती मला सांगायची.

मग रेंज. कानांचं संरक्षण दोघांनाही. रायफलीचा आवाज एका बारात ऐकू येणं कमी करू शकतो. इलेक्ट्रॉनिक इअरमफ घेतले तर मुलाला तुमची कुजबूज ऐकू येते आणि बाराचा आवाज मात्र दबतो. रानात आम्ही तेच वापरले. एका दिवशी दहा-बारा गोळ्यांपेक्षा जास्त नाही. खांदा दुखायला लागला की शिकणं थांबतं.

गोल निशाणावर हात बसला की हरणाचं चित्र असलेले कागद लावा. हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश वर, तिथे हृदय आणि फुप्फुसं असतात. नेम तिथेच. मान नाही, डोकं तर मुळीच नाही. हरीण तिरकं, आपल्यापासून पलीकडे तोंड करून उभं असेल तर गोळी पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने जायला हवी. समोरून येणाऱ्या किंवा पाठमोऱ्या हरणावर मुलाने बार टाकायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

अंतराचीही मर्यादा घाला. ज्या अंतरावर तिच्या पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या लहान ताटलीत बसत होत्या, ते अंतर ८० यार्ड होतं. तीच आमची मर्यादा. सराव बसून, तिकाटण्यावर रायफल टेकवून करा. रानात टेबल नसतं.

६. जागा

ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा. मका-सोयाबीन खाणाऱ्या हरणांनी तो त्रासलेला असतो, आणि मुलाला घेऊन नम्रपणे विचारायला गेलात तर बरेचदा हो म्हणतो. विस्कॉन्सिनमध्ये ‘प्रवेश बंद’ची पाटी नसली तरी परवानगीशिवाय खासगी जमिनीत पाऊल टाकता येत नाही. ओळख नसेल तर उत्तरेत शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय वन आहे, आणि मॅनेज्ड फॉरेस्ट लॉखाली लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जंगलांचे नकाशेही मिळतात.

मुलासाठी झाडावरचं मचाण मला पटत नाही. मचाणावरून पडणं हे इथल्या शिकारीतल्या जखमांचं मोठं कारण आहे. जमिनीवरचा तंबूसारखा आडोसा घ्या. मूल आत चुळबुळ करतं, नाक पुसतं, खाऊ खातं, आणि बाहेर दिसत नाही. डीएनआरच्या जमिनीवर बंदुकीच्या हंगामात अशा आडोशावर चारही बाजूंनी दिसेल असा भडक केशरी रंग लावावा लागतो, किमान १४४ चौरस इंच.

खासगी जमिनीवर असाल तर आडोसा आठवडाभर आधी लावा म्हणजे हरणांना त्याची सवय होते. वारा हरणांच्या वाटेकडून तुमच्याकडे यायला हवा. वारा उलटा असेल तर त्या दिवशी तिथे बसूच नका. हरणाचं नाक तुम्हाला कधीच माफ करत नाही. आणि समोरच्या प्रत्येक दिशेला मागे काय आहे ते दिवसाउजेडी चालून पाहा: घर, रस्ता, गोठा. ज्या दिशेला मातीचा चढ आहे तीच बाराची दिशा. बाकीच्या दिशा मुलाला बोटाने दाखवून ‘इकडे नाही’ असं ठरवून टाका.

७. कपडे आणि शिदोरी

कमरेच्या वरचे बाहेरचे कपडे निदान निम्मे भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवेत, टोपीसुद्धा. पाय गरम तर मूल गरम. लोकरीचे मोजे, बसायला जाड गादी, खिशात हात शेकायच्या पुड्या. चिप्सचं पाकीट नको, त्याचा आवाज होतो. आम्ही गूळपोळ्या आणि थर्मासमध्ये सार नेलं. ऑक्टोबरमध्ये गोचिडांपासून जपा. इथे त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. घरी आल्यावर मुलाचे केस, काखा, गुडघ्यामागच्या घड्या तपासा.

पहिल्यांदा दोन तास पुरे. मी पहिल्या वर्षी पहाटेपासून पाच तास बसवलं. तिचे ओठ निळे पडले आणि मी ‘अजून थोडं’ म्हणत राहिलो. ती चूक तुम्ही करू नका.

८. हरीण समोर आल्यावर

रानात चालताना रायफल माझ्याकडे, रिकामी. बसल्यावर नळी बाहेर काढून मग भरायची. हरीण दिसलं की दोघांचंही काळीज धडधडतं, हात कापतात. अशा वेळी नवं काही सुचत नाही, म्हणून आमचे तीन प्रश्न ठरलेले होते. मी कुजबुजायचं, तिने उत्तर द्यायचं, आणि तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ, उघडायची नाही.

‘नेम कुठे?’
‘मागे काय?’
‘मारायचंय?’

दुसऱ्या वर्षी संध्याकाळी ६० यार्डांवर एक मादी आली. आडवी उभी राहिली. नेम सांगितला. मागे चढ आहे, सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आज नको, बाबा.’ मी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांची तयारी, रजा टाकलेली, आणि हरीण इतकं जवळ. पण प्रश्न मीच विचारला होता. मी रायफल घेतली, रिकामी केली, आणि आम्ही ती मादी अंधार पडेपर्यंत चरताना बघत बसलो. घरी जाताना मी तिला म्हटलं की आज तू बरोबर केलंस. ते मी मनापासून म्हटलं होतं आणि तिला ते कळलं. पुढच्या वर्षी ‘चल ना’ म्हणत ती स्वतः माझ्या मागे लागली. त्या संध्याकाळी मी नुसता नाराज चेहरा जरी केला असता, तरी ती एकतर पुन्हा आली नसती, किंवा मला बरं वाटावं म्हणून चाप ओढला असता. दुसरं जास्त वाईट.

तिसरा प्रश्न विचारायला विसरू नका. आणि ‘नाही’ आलं तर ‘का’ विचारू नका.

९. बार झाल्यावर

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या त्या शनिवारी, तिने ‘हो’ म्हटलं. ५५ यार्ड. हरणाने मागचे पाय झाडत उडी मारली आणि झुडपात गेलं. अशी उडी बहुधा छातीत लागल्याची खूण असते. पाठ कमानीसारखी करून हळू चालत गेलं तर गोळी पोटात लागलेली असू शकते.

आता काय करायचं? काहीच नाही. दुसरं काडतूस नळीत घ्या, सेफ्टी लावा, हरीण जिथे उभं होतं आणि जिथे शेवटचं दिसलं त्या दोन्ही जागा मनात पक्क्या करा, घड्याळ पाहा. अर्धा तास बसून राहा. लगेच मागे धावलात तर जखमी हरीण उठून मैलभर जातं. गोळी पोटात लागल्याचा संशय असेल तर कित्येक तास थांबावं लागतं आणि अनुभवी माणसाला बोलवावं लागतं.

त्या अर्ध्या तासात लेक रडली. आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. ‘त्यात काय रडायचं’ म्हणू नका आणि फोटोही काढू नका.

मग माग काढायला मुलाला पुढे करा. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचं, गडद लाल रक्त यकृताचं, हिरवट आणि वास येणारं पोटाचं. प्रत्येक डागाजवळ टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा. चुकलात तर मागे वळून रेषा दिसते. परतताना ते तुकडे उचलून घ्या. आमचं हरीण ७० पावलांवर पडलं होतं. जवळ जाताना पाठीकडून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर ते जिवंत आहे, आणि दुसरी गोळी तुम्ही मोठ्याने लगेच झाडायची.

१०. पोट साफ करणं, नोंदणी, तपासणी

हातमोजे घाला, सुरी लहान आणि धारदार घ्या. कातडीखाली दोन बोटं घालून पातं वरच्या बाजूला ठेवत पोट उघडा, म्हणजे आतडी आणि मूत्राशय फुटत नाहीत. छातीपोटामधला पडदा कापा, आत हात घालून श्वासनलिका शक्य तितकी वर कापा, मग सगळं एकत्र बाहेर ओढता येतं. मुलाने पाय धरावा, बॅटरी दाखवावी. मी लेकीला फुप्फुसातलं भोक दाखवलं. तिला स्वतःच्या डोळ्यांनी कळलं की हरीण फार वेळ तडफडलं नव्हतं, आणि तिचा चेहरा निवळला. ऑक्टोबरची संध्याकाळ उबदार असेल तर पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा. मांस लवकरात लवकर ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आणायचं असतं.

हरीण सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत डीएनआरच्या ‘गेमरेज’ प्रणालीवर ऑनलाइन किंवा फोनवरून नोंदणी करावी लागते. मिळालेला क्रमांक लिहून ठेवा. दमून झोपलात आणि विसरलात तर तो नियमभंग होतो.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा, मेंदू पोखरणारा रोग या राज्यातल्या हरणांत २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. डेन, आयोवा, सॉक, रिचलंड या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत तो जास्त आहे. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण शिजवून त्याचं कारण नष्ट होत नाही, आणि रोग आढळलेलं मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. तपासणी मोफत आहे. मानेच्या वरच्या भागासकट डोकं जवळच्या संकलन केंद्रावर ठेवायचं, सोबत नोंदणीचा क्रमांक. हरीण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात नेण्यावरही यासाठी निर्बंध आहेत, तेवढे पाहून घ्या. हाडं रानात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत द्या.

११. स्वयंपाकघर

आपल्याला मटणातली नळी चोखायची सवय असते, पण इथे हाडं सोडूनच मांस काढा. पाठीचा कणा आणि मेंदू कापू नका. जखमेभोवतीचं मांस हात आखडता न घेता टाकून द्या. पांढरी चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढा. खांद्याचं मांस आलं-लसूण आणि दह्यात रात्रभर ठेवून कुकरमध्ये मंद आचेवर शिजवा, मटणापेक्षा थोडं जास्त. पाठीच्या लांब पट्ट्या पातळ कापून तव्यावर परता. त्या रश्श्यात घातल्या तर चिवट होतात.

तपासणीचा अहवाल येईपर्यंत त्या हरणाची सगळी पाकिटं फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि प्रत्येकावर तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहा. आमच्या पाकिटांवर लेकीनेच लिहिलं. दोन आठवडे ती शाळेतून आली की आधी संकेतस्थळ उघडून बघायची. ‘रोग आढळला नाही’ असं दिसलं त्या दिवशी तिने स्वतः एक पाकीट बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि कांदे चिरायला घेतले.